मेसचे पैसे दर महिन्याला द्यावे लागतात: ‘कमवा व शिका’ योजनेबाबत कुलगुरूंना आणि उच्च शिक्षण विभागाला खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठांचे माननीय कुलगुरू,
तसेच उच्च शिक्षण विभागाचे माननीय सचिव व संचालक

विषय : ‘कमवा व शिका’ योजनेला विद्यार्थ्यांच्या आर्थिक साहाय्याच्या नियोजनात स्थान देण्याबाबत

महोदय / महोदया,

मी एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात मराठी शिकवते आणि शिकता शिकता महाविद्यालयातच रोज काही तास काम करून मानधन मिळवण्याच्या तेथील ‘कमवा व शिका’ योजनेची गेली नऊ वर्षे समन्वयक आहे. त्याच्या कितीतरी आधी, विद्यार्थिनी असताना, दुसऱ्या एका महाविद्यालयात मी स्वतः याच योजनेवर शिकले. रोज सकाळी ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर दाखल क्रमांक घालणे, त्यांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवणे आणि परत आलेली पुस्तके जागच्या जागी लावणे हे माझे काम होते. मस्टरवर सही करणारी आणि आता तेच मस्टर तपासणारी, अशा दोन्ही नात्यांनी मी हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शिष्यवृत्ती, शुल्कमाफी, निर्वाह भत्ता आणि शैक्षणिक कर्ज यांचा विचार आपल्याकडे एका टेबलावर होतो आणि ‘कमवा व शिका’चा विचार दुसऱ्या टेबलावर, बहुतेक वेळा युवक महोत्सव आणि व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांच्या फायलींशेजारी होतो. गरीब विद्यार्थ्याला मात्र एकच संसार चालवायचा असतो. त्याच्या वर्षभराच्या खर्चाची आणि त्याला मिळू शकणाऱ्या सर्व पैशांची बेरीज कोणीतरी प्रवेशाच्या दिवशीच त्याच्यासमोर बसून करायला हवी, आणि त्या बेरजेत ‘कमवा व शिका’च्या मानधनाला दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हमखास मिळणारी रक्कम म्हणून जागा असायला हवी.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण आपल्या साहाय्य योजनांच्या रचनेतच आहे. विद्यार्थ्याचा खर्च दोन तऱ्हेचा असतो. एक महाविद्यालयाला द्यायचा आणि दुसरा जगायला लागणारा. पहिल्या खर्चाबाबत महाराष्ट्राने पुष्कळ केले आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागास प्रवर्गांतील विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या आहेत. ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि त्याच उत्पन्नमर्यादेत आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे संपूर्ण शिक्षण शुल्क माफ झाले आहे. दुसऱ्या खर्चासाठी, म्हणजे राहण्या-जेवणासाठी, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आहे, इतर मागासवर्गीयांसाठी ‘आधार’ नावाची योजना आहे. स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी ठरवलेले वर्षाचे ६०,००० रुपये पाहिले तर त्यात भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० अशी फोड आहे. ज्या कोणी ही फोड केली त्याला विद्यार्थ्याच्या पोटाची आठवण होती, हे मी आदराने नोंदवते.

या योजनांपैकी एकीलाही हात लावावा असे मी चुकूनही म्हणणार नाही. पण या पैशाची स्वतःची एक चाल आहे. पोर्टल सुरू होणार, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालावे लागणार, अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनवर तपासला जाणार, एखादे कागदपत्र पुसट दिसले म्हणून परत येणार, मग पुन्हा भरायचा, मग मंजुरी, मग आधार कार्डाशी जोडलेल्या खात्यात हप्ता. ही वाट सरळ पार पडली तरी तिला महिने लागतात. शिवाय पैसे आले की ते एकगठ्ठा येतात, आणि तोवर झालेल्या उधारीत एका दिवसात संपतात. खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे मात्र दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावे लागतात. दर महिन्याला येणाऱ्या खर्चाला दर महिन्याला येणारा पैसाच पुरा पडू शकतो, आणि आपल्याकडच्या सर्व योजनांमध्ये तशी रचना मुळातच असलेली योजना ‘कमवा व शिका’ हीच आहे. केलेल्या तासांचे पैसे महिन्याअखेर हातात, एवढा साधा तिचा हिशेब आहे. निदान कागदावर तरी.

प्रत्यक्षात काय होते ते एका विद्यार्थिनीच्या उदाहरणाने सांगते. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या या मुलीचे आई-वडील ऊसतोडीला जातात. पावसाळ्यात घरी असताना आई रोज सकाळच्या एसटीने डबा पाठवायची, त्यामुळे मुलीचा खर्च खोलीच्या भाड्यापुरताच होता. दसरा झाला, मुकादमाची गाडी आली, घराला कुलूप लागले आणि एसटीने येणारा डबाही थांबला. उचल घेतली होती ती आधीच्या देण्यात गेली होती. मुलीने मेस लावली. आमच्या योजनेवर ती सप्टेंबरपासून काम करत होती, प्रयोगशाळेतील काचेची भांडी धुऊन, पुसून, मोजून ठेवण्याचे. दिवाळीनंतर एके दिवशी ती माझ्याकडे मेसची वही घेऊन आली. त्या लांबट वहीत प्रत्येक तारखेसमोर दोन खुणा होत्या, सकाळ आणि संध्याकाळ, आणि पानाच्या तळाशी मेसवाल्या काकूंनी लाल शाईने मागची बाकी लिहिली होती. मी मस्टर उघडले. तिचे ११८ तास भरले होते आणि त्यांतल्या एकाही तासाचे पैसे तिला मिळालेले नव्हते, कारण अनुदानाचा पहिला हप्ता यायचा होता आणि तो येईपर्यंत महाविद्यालयाने आपल्या निधीतून पैसे द्यावेत असे कोणालाच बंधन नव्हते.

मी तिला स्वतःकडचे थोडे पैसे दिले. ते देताना तिची मान खाली गेली ती मला अजून दिसते. जे पैसे तिने काम करून मिळवले होते, तेच तिला माझ्या दयेच्या रूपात घ्यावे लागले. पुढच्या महिन्यात ती वर्गात दिसेनाशी झाली. चौकशी केली तेव्हा कळले, की बाजारपेठेतल्या एका कापड दुकानात ती सकाळी दहा ते रात्री आठ उभी असते. का, असे विचारल्यावर तिने दिलेले उत्तर आपण सर्वांनी ऐकावे असे आहे. ती म्हणाली, “मॅडम, तिथं शनिवारी हातावर पैसे ठेवतात.”

माननीय महोदय, देशाला रोजगार हमीची कल्पना देणारे हे राज्य आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने रोजगार हमीच्या मजुराची मजुरी पंधरवड्याच्या आत द्यायचे बंधन घातले आणि उशीर झाला तर भरपाईची तरतूद केली. विहिरीच्या किंवा बांधाच्या कामावरील मजुरासाठी जे तत्त्व आपण मान्य केले, ते प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आपल्याच विद्यार्थिनीला लागू करायला अडचण काय आहे, हे मला नऊ वर्षांत उमगलेले नाही. हिशेबाची अडचण असेल तर ती सोडवण्यासारखी आहे. वर्षाच्या अंदाजित खर्चाच्या निम्मी रक्कम विद्यापीठाने जूनमध्येच महाविद्यालयांना आगाऊ द्यावी, तिचा फिरता निधी करावा आणि उपयोगिता प्रमाणपत्र पाहून उरलेली रक्कम द्यावी. विद्यार्थ्याच्या खात्यात प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पैसे जमा झालेच पाहिजेत, अशी अट असावी. जे महाविद्यालय ती पाळणार नाही त्याला प्राचार्यांच्या सहीने लेखी कारण द्यावे लागावे.

‘कमवा व शिका’ हे शब्द महाराष्ट्रात कोठून आले याची आठवण येथे करावीशी वाटते. शिकणाऱ्या मुलासमोरची खरी अडचण दोन वेळच्या जेवणाची आणि निवाऱ्याची असते, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले होते. म्हणून १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहांमागून वसतिगृहे उभी केली. त्याच कोल्हापुरात वसतिगृहात राहून शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे बोर्डिंग सुरू केले. बोर्डिंगात धान्य नाही म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही काढून दिले, ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणांत नेहमी सांगतो. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले तेव्हा ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे तत्त्व कर्मवीरांनी महाविद्यालयापर्यंत नेले. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांतही ‘कमवा व शिका’वर शिकून विद्यार्थ्यांच्या पिढ्या बाहेर पडल्या आहेत.

कर्मवीरांच्या बोर्डिंगातले श्रम आणि आजचे मानधन यांत मात्र एक मोठा फरक आहे. तेथे मुले काम करत आणि त्यांच्या राहण्या-जेवणाची, शिक्षणाची संपूर्ण जबाबदारी संस्था घेई. श्रम हा एका पूर्ण व्यवस्थेचा भाग होता. आपण त्या व्यवस्थेतले श्रम तेवढे ठेवले आणि जबाबदारी बाजूला काढली. आज विद्यार्थी तीन तास काम करतो, आणि त्या पैशांत त्याचे भागते की नाही हे पाहणे कोणाच्याही कामाच्या यादीत नाही.

हे भागते की नाही ते पाहणे अवघड नाही. ताशी ५० रुपये धरू. रोज तीन तास आणि महिन्याचे २४ दिवस धरले तर ७२ तासांचे ३,६०० रुपये होतात. तालुक्याच्या गावात एवढ्यात दोन वेळची मेस निघते आणि झेरॉक्ससाठी, मोबाइलच्या रिचार्जसाठी काहीतरी उरते. पुण्या-मुंबईत निघत नाही. म्हणजे तालुक्याच्या गावातील निर्वाह भत्ता मिळणाऱ्या मुलाला ही योजना तारून नेऊ शकते, आणि मोठ्या शहरातील भत्ता न मिळणाऱ्या मुलाला तिच्याबरोबर आणखी काहीतरी लागेल. ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी दहा मिनिटांत कळू शकते. पण आमच्याकडे योजनेचे अर्ज ऑगस्टमध्ये निघतात, मुलाखती होतात, यादी विद्यापीठाकडे जाते आणि काम सुरू व्हायला सप्टेंबर उजाडतो. ऑक्टोबरअखेर सत्र परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. पहिल्या सत्रात विद्यार्थ्याला जेमतेम दीड महिना काम मिळते आणि जून ते ऑगस्ट हे सर्वांत ओढाताणीचे महिने, ज्यात प्रवेश, पुस्तके आणि खोलीची अनामत एकदम अंगावर येते, ते कोरडेच जातात. गळती याच महिन्यांत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांची यादी तरी एप्रिलमध्येच पक्की करून सत्राच्या पहिल्या दिवसापासून त्यांना काम द्यायला कोणतीच हरकत नसावी.

अमेरिकेत काम आणि शिक्षण यांची सांगड १९६४ च्या एका केंद्रीय कायद्याने घातली गेली. तिथल्या व्यवस्थेतही दोष पुष्कळ आहेत. महाविद्यालयाच्या पत्रात काम मंजूर झाले म्हणून प्रत्यक्ष काम मिळेलच याची खात्री नसते, आणि निधीच्या वाटपात जुन्या, महागड्या महाविद्यालयांना झुकते माप मिळते. तरीही तिच्यातील तीन-चार गोष्टी आपण पाहाव्यात अशा आहेत. विद्यार्थ्याने कुटुंबाच्या उत्पन्नाची माहिती एकाच अर्जात भरली की महाविद्यालय त्याला एकच पत्र पाठवते आणि त्यात अनुदान किती, कर्ज किती आणि काम करून वर्षभरात मिळवता येईल अशी रक्कम किती, हे सगळे एकत्र लिहिलेले असते. कामाचा मोबदला किमान वेतनापेक्षा कमी असू शकत नाही. तो महिन्यातून किमान एकदा द्यावाच लागतो. या कामातून मिळालेला पैसा पुढच्या वर्षीच्या साहाय्यासाठी विद्यार्थ्याची ऐपत मोजताना वगळला जातो, म्हणजे मेहनत केली म्हणून त्याची मदत कमी होत नाही. ही शेवटची तरतूद मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण ‘कमवा व शिका’वर नाव घातले तर शिष्यवृत्ती जाईल, या निव्वळ ऐकीव भीतीने माघार घेणारे विद्यार्थी मी दर वर्षी पाहते. त्यांची भीती घालवणारा एक स्पष्ट शब्द कोणत्याही परिपत्रकात मला सापडलेला नाही.

त्याचबरोबर एक धोक्याची सूचनाही देणे मला भाग आहे. ‘कमवा व शिका’चे गुणगान करता करता शिष्यवृत्तीऐवजी हीच योजना पुढे करावी, असा सूर अधूनमधून ऐकू येतो. फुकट कशाला द्यायचे, काम करू दे, म्हणजे पैशाची किंमत कळेल, असे चांगली सुशिक्षित माणसेही बोलून जातात. याला माझा ठाम विरोध आहे. शिष्यवृत्ती हा हक्क आहे आणि ज्या समाजांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवले गेले, त्यांच्या मुलांनी तो हक्क झाडू मारून पुन्हा सिद्ध करावा असे कोणालाही म्हणता येणार नाही. शिवाय प्रत्येकाला काम करणे शक्य नसते. पूर्ण दिवस प्रात्यक्षिके असलेली विज्ञान शाखेची मुले, रोज दोन तास एसटीचा प्रवास करणाऱ्या मुली, दिव्यांग विद्यार्थी, लहान मूल घरी ठेवून येणाऱ्या विवाहित विद्यार्थिनी यांना तीन तास कोठून आणायचे? आधी शिष्यवृत्ती आणि भत्ता, मग त्यातून उरलेली महिन्याची तूट भरण्यासाठी स्वेच्छेने घेतलेले काम, आणि त्यानंतरही गरज उरली तरच कर्ज, हाच क्रम असला पाहिजे.

कामाचे स्वरूपही थोडे पाहावे. बागेत पाणी घालणे, गवत काढणे, आवार झाडणे ही कामे हलकी आहेत असे मी मानत नाही. पण आमच्याकडचा एक मुलगा वर्गमित्रांचा घोळका आला की पाण्याचा पाइप हातात तसाच ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, हे मी पाहिले आहे. त्याला लाज वाटते, कारण आवारातले काम करताना नेहमी तीच ठरावीक मुले दिसतात, आणि वर्षअखेर त्या कामाची ना प्रमाणपत्रात नोंद होते ना कोणी विचारपूस करतो. मला ग्रंथालयात काम मिळाले हे माझे नशीब. तेथे पुस्तके लावता लावता मी चाळायला शिकले आणि चाळता चाळता वाचायला. आज मी वर्गात उभी आहे ती त्या कपाटांमुळे. असे काम थोड्यांच्याच वाट्याला येते. जुन्या दप्तराचे संगणकीकरण, प्रयोगशाळेची मांडणी, पहिल्या वर्षाच्या कच्च्या मुलांना शिकवणे, आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला नव्या विद्यार्थ्यांना मदत करणे ही कामेसुद्धा योजनेत आणता येतील. शेवटच्या कामाने तर दोन्ही टेबले आपोआप जवळ येतील. ज्या मुलीने स्वतः तीनदा परत आलेला अर्ज नीट केला आहे, तिच्याइतके ते काम दुसऱ्या कोणाला चांगले जमणार? काम देताना जात पाहून किंवा मुलगी आहे म्हणून वाटणी होणार नाही, परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे कोणालाही कामावर बोलावले जाणार नाही आणि शिपाई-लिपिकांच्या रिक्त जागा या मुलांच्या स्वस्त तासांवर भागवल्या जाणार नाहीत, हेही नियमांतच लिहावे लागेल. हे शेवटचे मी ऐकीव लिहीत नाही.

विद्यार्थी विकास मंडळ ही यंत्रणा २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठाला दिलेलीच आहे, त्यामुळे नवे काही उभारायची गरज नाही. मंडळाचा एक माणूस आणि शिष्यवृत्ती विभागाचा एक माणूस प्रवेशाच्या खिडकीशेजारी एकत्र बसला आणि त्याच्यासमोर एक पानाचा तक्ता असला तरी पुरे आहे. त्या पानावर डाव्या बाजूला वर्षाचे शुल्क, खोली, मेस, प्रवास आणि पुस्तके यांचा खर्च असावा. उजव्या बाजूला मिळणारी शिष्यवृत्ती व भत्ता, ते येण्याचा अंदाजे महिना आणि ‘कमवा व शिका’चे मासिक मानधन. खाली विद्यार्थ्याची आणि महाविद्यालयाची सही. मी यंदा माझ्यापुरता असा तक्ता हाताने तयार करून २६ विद्यार्थ्यांबरोबर भरला. त्यांतल्या अनेकांनी स्वतःच्या वर्षभराच्या खर्चाचा आकडा आयुष्यात पहिल्यांदा कागदावर पाहिला. एका मुलाने तो घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, की वडिलांना दाखवतो, म्हणजे मी कॉलेज सोडणार नाही याची त्यांना खात्री पटेल.

पुढील शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशाचे परिपत्रक अजून निघायचे आहे. त्यात प्रवेशाच्या वेळी हा तक्ता भरून घेण्याची सूचना, मानधन जमा करण्याची ५ ही तारीख, ताशी दर किमान वेतनाशी जोडून दर वर्षी वाढवण्याची तरतूद, आणि या मानधनामुळे कोणतीही शिष्यवृत्ती कमी होणार नाही हे वाक्य, एवढे यावे, ही कळकळीची विनंती. तक्त्याचा नमुना आणि नऊ वर्षांची मस्टरे माझ्याकडे आहेत. आपण बोलवाल त्या दिवशी ती घेऊन मी येईन.

आपली विश्वासू,
‘कमवा व शिका’ योजनेची एक माजी विद्यार्थिनी व सध्याची समन्वयक